जोरावरसिंगची चूल

पाहुणे आले की मी त्यांना शिंदे छत्री दाखवायला नेतो. बिबवेवाडीकराला ती सोयीची पडते. गंगाधाम चौकातून लुल्लानगर, तिथून साळुंके विहारचा रस्ता धरला की वानवडी आलीच. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ ला याच वानवडीच्या छावणीत गेले, हे सांगून होतं, समाधीसमोर हात जोडून होतात, आणि मग मी माझ्या आवडीची गोष्ट काढतो. शिंद्यांच्या पलटणीत एक शिपाई होती, असं म्हणतो. शिपाई ‘होती’ म्हटल्यावर माणसं वळून बघतात. मी सांगतो, तीन वर्षं पुरुषाच्या वेषात चाकरी केली, कुणाला पत्ता लागला नाही. यावर आजवर प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच आला आहे: “मग आंघोळ कुठे करायची?”

प्रश्न वाटतो तितका फालतू नाही. तिचं बिंग फुटलं ते आंघोळीनेच.

ही गोष्ट महादजींच्या काळातली नाही, त्यांच्या वारसाच्या, दौलतराव शिंद्यांच्या काळातली. साल १८०९. वानवडीचा तळ तोवर उठून बरीच वर्षं झाली होती आणि दौलतरावांची फौज राजपुताना-माळव्याच्या बाजूला फिरत होती. फौजेसोबत इंग्रज रेसिडेंट असे आणि रेसिडेंटच्या दिमतीला जी छोटी तुकडी होती तिचा प्रमुख होता थॉमस ड्युअर ब्रॉटन. हा गृहस्थ छावणीतून घरी पत्रं लिही. होळी, कवायत, दरबार, भांडणं, नाच, थकलेले पगार, सगळं त्या पत्रांत आहे. १८१३ मध्ये ती पत्रं लंडनला पुस्तकरूपाने निघाली. ब्रॉटनला शिपायांशी गप्पा मारायची हौस होती. त्यांच्या तोंडची हिंदी पदं गोळा करून त्याने १८१४ मध्ये त्यांचाही एक संग्रह काढला. साहेबी तंबूत बसून मराठ्यांना नावं ठेवण्यात तो कमी नाही, पण शिपाई काय बोलतात हे ऐकणारा माणूस होता. त्यामुळेच ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली.

गोष्ट अशी. जोरावरसिंग नावाचा एक तरुण शिपाई पलटणीत सुमारे तीन वर्षं नोकरी करत होता. आपलं जेवण आपणच रांधायचा, एकटाच जेवायचा, आंघोळही एकट्यानेच करायचा. हे लोकांच्या नजरेत आलं होतं, पण त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग एका पोरसवदा शिपायाला कुतूहल अनावर झालं. तो आंघोळीच्या वेळी मागोमाग गेला आणि जोरावरसिंग ही बाई आहे हे उघड झालं.

छावणीभर बोभाटा झाला. ब्रॉटनने तिला भेटायची इच्छा दाखवली, तेव्हा त्याच्याच तुकडीतला, तिच्या ओळखीचा एक शिपाई तिला त्याच्या तंबूत घेऊन आला. वय बावीसच्या आसपास, वर्ण गोरा, रूपाने देखणी म्हणता येणार नाही पण चेहरा लक्ष वेधून घेणारा, असं त्याने लिहिलं आहे. ती आपल्या नोकरीबद्दल मोकळेपणाने बोलली. लाजण्याचं नाटक नाही, धिटाईचा आवही नाही. ब्रॉटनने आवर्जून नोंदवलेली आणखी एक बाब म्हणजे, ती बाई आहे हे कळल्यानंतर तिच्या सोबत्यांपैकी एकानेही तिला वेडावाकडा शब्द लावला नाही, तिच्या चारित्र्याबद्दल शंका काढली नाही.

आता आंघोळीच्या प्रश्नाकडे वळू, कारण त्यातच खरी मेख आहे.

दोनशे वर्षांपूर्वीच्या फौजेत भरती होताना अंग तपासायला डॉक्टर बसलेला नसे. ही केवळ हिंदुस्थानातली गत नव्हती. त्यानंतर पन्नास वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध झालं तेव्हाही कित्येक ठिकाणी तपासणी म्हणजे हातापायाने धड आहे ना आणि तोंडात दात आहेत ना, एवढंच बघणं. दात कशाला, तर बंदुकीचं कागदी काडतूस दातांनी फाडावं लागे. त्या युद्धात पुरुषवेषाने लढलेल्या बायकांचा एक जुना अंदाज चारशेच्या आसपासचा आहे. शिवाय फौजेत मिसरूड न फुटलेली पोरं भरपूर असत, त्यामुळे गुळगुळीत गाल आणि बारीक आवाज हा काही पुरावा ठरत नसे. माणसं कपड्यांवरून माणूस ओळखत. मुंडासं, अंगरखा, कमरेला शेला आणि खांद्यावर बंदूक दिसली, की तो पुरुष.

एवढं सगळीकडे सारखं. पण शिंद्यांच्या फौजेत आणखी एक सोय होती आणि ती तिथल्या कुठल्याही सरदाराने मुद्दाम केलेली नव्हती. ती सोय म्हणजे सोवळं. शिंद्यांच्या कवायती पलटणी महादजींच्या काळात द बॉयन्य या फ्रेंच बोलणाऱ्या सेनापतीने उभ्या केल्या. त्यांच्या ब्रिगेडला ‘कंपू’ म्हणत. आज आपण ऑफिसातल्या टोळक्याला कंपू म्हणतो, तो शब्द तिथूनच आला. कंपूत कवायत युरोपी, हुकूम युरोपी, तोफा युरोपी, पण संध्याकाळी चुली मात्र ज्याच्या त्याच्या. कोण कुणाच्या हातचं खाईल आणि कोण कुणाच्या सावलीत जेवणार नाही, याचे नियम कवायतीपेक्षा कडक. पानिपतावर अब्दालीने मराठ्यांच्या छावणीत ठिकठिकाणी पेटलेल्या चुली पाहिल्या आणि ‘जे एकत्र जेवत नाहीत ते एकत्र काय लढणार’ असं काहीसं तो म्हणाला, अशी एक सांगोवांगीची गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. खरीखोटी कशीही असो, आपण ती नेहमी दुहीचा दाखला म्हणून सांगतो. जोरावरसिंगच्या बाबतीत हीच चूल आडोसा झाली. राजपुती धाटणीच्या नावाचा एक पोरगा एकटा रांधतो, एकटा जेवतो, दूर जाऊन एकटा आंघोळ करतो. सोबत्यांनी काय निष्कर्ष काढला असेल? कर्मठ आहे बिचारा. ज्या शिवाशिवीने बायकांना शेकडो बाबतींत बांधून ठेवलं, तिच्याच आडून एक बाई तीन वर्षं पलटणीत नांदली.

हे किती सोयीचं होतं ते कळायला हॅना स्नेल आठवावी. ही इंग्लंडातल्या वूस्टरची. नवरा सोडून गेला, तेव्हा मेहुण्याचे कपडे अंगावर चढवून, त्याचंच जेम्स ग्रे हे नाव घेऊन ती आरमारी शिपायांत भरती झाली आणि थेट आपल्या हिंदुस्थानात आली. १७४८ च्या पाँडेचेरीच्या वेढ्यात ती होती. जहाजावर शंभर माणसं एका डेकवर, झोळीला झोळी लागून, जेवण एका भांड्यातलं. तिथे सोवळं नाही की ओवळं नाही. पाँडेचेरीला तिला गोळ्या लागल्या. त्यातली एक जांघेत होती. ती डॉक्टरला दाखवली की सगळं संपलं, म्हणून तिने ती स्वतःच काढली आणि एका स्थानिक बाईने तिला औषधपाण्याला मदत केली, असं १७५० मध्ये निघालेल्या तिच्या चरित्रात आहे. पुस्तक खपावं म्हणून त्यात मीठमसाला भरपूर घातलेला दिसतो. पण तिची फौजेतली नोकरी खरी, पुढे तिला मिळालेलं पेन्शनही खरं. लंडनला परतल्यावर गणवेश घालून ती रंगमंचावर कवायत करून दाखवी आणि लोक तिकीट काढून बघायला येत.

शिंद्यांच्या छावणीत बाई दिसणं मुळात नवलाचं नव्हतं. शिवाजी महाराजांनी मोहिमेवर बायको, बटीक, कलावंतीण नेण्याला सक्त मनाई केली होती, हे सभासदाच्या बखरीत आहे. पुढे तो दंडक गेला आणि फौज म्हणजे चालतं शहर झालं. सराफ, कासार, हलवाई, भिक्षुक, बायकापोरं सगळी सोबत. म्हणजे बायका छावणीत हजारोंनी होत्या. फक्त हजेरीपटावर नव्हत्या. पगार मिळतो तो हजेरीपटावरच्या नावाला.

मला वाटतं, वेष पालटण्याचं कारण इथे सापडतं. घोड्यावर बसायला किंवा हत्यार चालवायला मराठी बाईला पुरुषाचे कपडे लागत नव्हते. नऊवारीचा काष्टा घातला की दोन्ही पाय मोकळे. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई नावाजलेल्या घोडेस्वार होत्या. १८३५ मध्ये फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई फतेहगढला त्यांना भेटली. गोऱ्या बायका तेव्हा एका बाजूला दोन्ही पाय सोडून घोड्यावर बसत. ते खोगीर बघून बायजाबाईंच्या परिवारातल्या बायकांची हसून पुरेवाट झाली आणि मग पार्क्सबाईंनीच मराठी लुगडं नेसून, दोन बाजूंना पाय टाकून स्वारी करून पाहिली. उमाबाई दाभाडे १७३२ मध्ये फौज घेऊन अहमदाबादेवर गेल्या, ताराबाईंनी सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं. यांपैकी कुणालाही आपण बाई आहोत हे लपवायची गरज पडली नाही. सरदारघराण्यातल्या बाईला फौजेचं नेतृत्व उघडपणे करता येई. गरिबाघरच्या बाईला शिपायाचा दरमहा पगार मात्र उघडपणे घेता येत नसे. वेष पालटला तो त्या पगारासाठी.

आणि पगार हवा होता भावासाठी. तिचा एकुलता एक भाऊ कर्जात बुडाला होता आणि त्यापायी भोपाळला कैदेत पडला होता. पैसे साठवून त्याला सोडवायचं, म्हणून बहीण शिपाई झाली. ब्रॉटन इथे आपल्या वाचकाची जरा थट्टा करतो. तरुण मुलगी फौजेत शिरली म्हटल्यावर तुम्ही एखादी प्रेमकहाणी मनात तयार केली असेल, असं त्याचं म्हणणं. त्याचा अंदाज बरोबर होता आणि आजही चुकणार नाही. आपण प्रेमकहाणी शोधणार नाही कदाचित, पण रणरागिणी नक्की शोधू. हातात तलवार असलेली बाई दिसली की आपण लगेच तिला दुर्गेच्या, चंडीच्या रांगेत नेऊन बसवतो. जोरावरसिंग त्या रांगेतली नव्हे. ती नोकरी करायला आली होती.

तेही कुठे, तर शिंद्यांच्या फौजेत, जिथे पगार वेळेवर मिळणं हाच चमत्कार. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. दौलतराव आणि बायजाबाईंचं लग्न १७९८ मध्ये पुण्यातच झालं आणि त्याच वर्षी फौजेचा खर्च भागवायला नवे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुण्यातल्या पैसेवाल्यांना घराबाहेर ओढून, चाबकाने सोलून पैसा काढला. १८०३ मध्ये असई आणि लासवारीच्या लढायांत जुने कंपू मोडले. त्यानंतर तर खजिन्यात खडखडाटच. ब्रॉटनच्या पत्रांत पुन्हा पुन्हा एकच दृश्य येतं: थकलेल्या पगारासाठी पलटणी धरणं धरून बसल्या आहेत. आज कलेक्टर कचेरीसमोर धरलं जातं ते आंदोलनाचं. तेव्हाचं धरणं म्हणजे देणेकऱ्याच्या दारात अन्नपाणी अडवून बसणं, मग तो देणेकरी खुद्द महाराज का असेना. अशा फौजेत राहून कर्ज फेडण्याइतकी शिल्लक टाकायची! तीन वर्षं लागली यात नवल ते काय.

बिंग फुटल्यावर जे झालं ते मला बिंग राखण्यापेक्षा जास्त विचार करायला लावतं. तिला कुणी हाकललं नाही. त्यानंतरही काही महिने ती पलटणीत शिपाई म्हणूनच राहिली. बायजाबाईंनी तिला आपल्या घरात, आश्रयाला बोलावलं. दौलतरावांनी तिच्याच पलटणीत बढती देऊ केली. तिने दोन्ही नाकारलं. त्या वेळी दौलतराव तिशीचे, बायजाबाई पंचविशीच्या आणि ही बावीस वर्षांची, म्हणजे सगळी तरणीताठी माणसं. बायजाबाईंचा प्रस्ताव दयाळूपणाचा होता यात शंका नाही. पण राणीच्या महालातली आश्रित आणि पलटणीतला शिपाई यांत कुणाच्या हातात स्वतःची कमाई राहते, हे तिला न कळण्याइतकी ती भोळी नसावी. शेवटी सगळी हकिगत कळल्यावर दौलतरावांनी तिला नोकरीतून मोकळं केलं आणि भोपाळच्या नवाबाला पत्र दिलं, की या बहीणभावावर मेहेरनजर असू द्यावी.

गंमत म्हणजे, जवळजवळ त्याच वेळी रशियात हुबेहूब असाच प्रसंग घडला होता. नादेझ्दा दुरोवा ही तरुणी १८०६ मध्ये घरातून पळून, मुलाच्या वेषात घोडदळात शिरली आणि नेपोलियनविरुद्ध लढली. तिने बापाला लिहिलेल्या पत्रातून पत्ता लागला. १८०७ च्या डिसेंबरात झार अलेक्झांडरने तिला समोर बोलावलं. तिने घरी परत पाठवू नका म्हणून विनवलं. झारने तिला अधिकारपद दिलं, शौर्यपदक दिलं आणि स्वतःच्या नावावरून अलेक्झांद्रव हे आडनावही दिलं. १८१६ पर्यंत ती फौजेत होती. पुढे तिने आठवणी लिहिल्या. त्यांतला काही भाग १८३६ मध्ये पुश्किनने आपल्या नियतकालिकात छापला. १८६६ मध्ये मरेपर्यंत ती पुरुषी कपड्यांतच वावरली. दुरोवाला शिपाईगिरीच हवी होती. जोरावरसिंगला भाऊ हवा होता, आणि त्यासाठी लागेल तेवढी शिपाईगिरी. दोघींपुढे राजाने बढतीचं ताट ठेवलं. एकीने ते उचललं, दुसरीने बाजूला सारलं.

सोबत्यांच्या वागण्याबद्दलही एक जोडीचं उदाहरण आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात ९५ व्या इलिनॉय पलटणीत अल्बर्ट कॅशियर नावाचा शिपाई तीन वर्षं लढला आणि युद्धानंतरही पुरुष म्हणूनच जगला. पुढे मोटारीच्या धडकेत पाय मोडला तेव्हा डॉक्टरांना खरं कळलं. शेवटी वेड्यांच्या इस्पितळात त्याला बळजबरीने घागरा घालायला लावला, तेव्हा पलटणीतले म्हातारे सोबती त्याच्या बाजूने उभे राहिले. १९१५ मध्ये कॅशियरला गणवेशात, लष्करी इतमामाने पुरलं. एका चिखलात रात्री काढलेल्या माणसांना बाकीच्या जगापेक्षा वेगळं दिसत असावं.

बायजाबाईंचा धागा मात्र इथे संपत नाही. त्या दीर्घायुषी होत्या, १८६३ पर्यंत जगल्या. १८५७ च्या सुमारास त्यांनी मथुरेला मोठा यज्ञ करायचं ठरवलं. दक्षिणा चांगली मिळेल म्हणून पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले आणि वाटेत बंडात सापडले. यज्ञ राहिला बाजूला, गोडसे भटजींच्या पदरी पडलं ‘माझा प्रवास’. त्यात ते झाशीच्या राणीला पुरुषी पोशाखात पाहिल्याचं लिहितात. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी ती त्यांना भेटली तेव्हा अंगावर पठाणी पोशाख, सर्वांग धुळीने माखलेलं.

लक्ष्मीबाईंचं वेषांतर जोरावरसिंगच्या अगदी उलट दिशेचं होतं. आपल्या फौजेपासून लपायचा प्रश्नच नव्हता. त्या राणी आहेत म्हणूनच फौज त्यांच्यामागे होती. लपायचं होतं ते शत्रूपासून. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सरायला आठव्या हुसार्सचा हल्ला आला, त्या वेळी त्या साध्या स्वाराच्या वेषात होत्या. ज्याने वार केला त्याला आपण कुणाला मारतो आहोत हे कळलं नाही. एकीला कपड्यांनी हजेरीपटावर जागा मिळवून दिली, दुसरीला रणांगणावर अनोळखी मरण. आणि ते ग्वाल्हेर म्हणजे तरी काय? दौलतरावांनी १८१० मध्ये फिरती छावणी तिथे कायमची टेकवली आणि त्या तळाचं शहर झालं. त्याला आजही ‘लष्कर’च म्हणतात, आपल्याकडे जुनी माणसं कॅम्पाला म्हणतात तसं.

भारतीय सैन्यात बायका अधिकारी म्हणून १९९२ पासून आल्या. वैद्यकीय आणि परिचर्या विभागांत त्या आधीपासून होत्या. खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ ला बाहेर पडली. पुण्यात त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण जोरावरसिंग अधिकारी नव्हती, साधा शिपाई होती. शिपायाच्या जागी, आपल्या खऱ्या नावाने, बायकांची पहिली तुकडी बंगळुरूला मे २०२१ मध्ये लष्करी पोलिसांत दाखल झाली. संख्या ८३. त्यांची भरती होताना धावणं होतं, उडी होती, लेखी परीक्षा होती आणि अर्थात वैद्यकीय तपासणीही.

मागच्या खेपेला छत्री बघायला आलेल्या पाहुण्यांत एक बारावीची मुलगी होती. सकाळी साडेपाचला उठून भरतीसाठी पळायला जाते. मी गोष्ट सांगितली. मोठ्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं. मुलगी काही बोलली नाही. परत निघताना साळुंके विहारच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तिने मागून विचारलं, “काका, तिचा तीन वर्षांचा पगार पूर्ण मिळाला का पण तिला?”

“शिंद्यांच्या फौजेत?” मी म्हटलं. “थोडाफार थकलाच असणार.”